गंगारामांचा दसऱ्याचा फोटो

आमच्या रत्नागिरीत एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. त्या हिशेबाने मी चौतीस वर्षं इथे फोटोचा धंदा केला आणि एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने फोटोसाठी हसून दाखवलं नाही. उलट एका आजीने मला विचारलं होतं, "बाय, पदर नीट घेऊ का?" मी म्हटलं, "आजी, मला पदराच्या आतलंही दिसणार नाही, त्याच्या आतलं दिसणार आहे." आजी विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग मनातला तेवढा बघू नको."

मनातलं दिसत असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

रेडिओलॉजिस्ट म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "सून डॉक्टर आहे, पण औषध देत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरं होतं ते. आम्ही औषध देत नाही, कापत नाही, सुई टोचायची वेळही क्वचित येते. आम्ही बघतो आणि काय दिसलं ते कागदावर लिहून देतो. पुढे पेशंटचं काय झालं हे बहुतेक वेळा आम्हाला कळतही नाही. सगळ्यांच्या आत डोकावायचं आणि दारातूनच परत फिरायचं, असा हा व्यवसाय आहे.

आता तर दारातही जावं लागत नाही. छातीचे फोटो व्हॉट्सॅपवर येतात. मी निवृत्त झाले तरी ओळखीचे लोक पाठवतात, आणि मी सकाळी भाट्याच्या वाळूतून चालून आले की चहा घेता घेता कोणाची तरी फुफ्फुसं बघते. बोटांनी मोठी करते, लहान करते. सोय झाली, यात वाद नाही. पण ओला फोटो हातात धरण्यातली मजा त्यात नाही.

तरुण डॉक्टरांना हे सांगितलं की ते आदराने ऐकतात आणि विसरतात, तरीही सांगते. तेव्हा फोटो काढल्यावर फिल्म तिच्या कॅसेटमधून, म्हणजे चपट्या बंद पेटीतून, अंधाऱ्या खोलीत न्यायची. तिथे एक लाल दिवा, तोही देवघरातल्यासारखा मिणमिणता. तीन टाक्या असायच्या. पहिल्या टाकीत, डेव्हलपरच्या पाण्यात, चित्र उमटायचं, दुसरीत धुवायचं, तिसरीत ते पक्कं व्हायचं. पहिल्या टाकीतून फिल्म वर काढून लाल दिव्यासमोर धरली की हळूहळू बरगड्या दिसायला लागत. मग बाहेर दोरीवर चिमट्यांनी टांगून फोटो वाळवायचे. आमच्या मागच्या पडवीत एका दोरीवर दहाबारा छात्या ठिबकत असायच्या. पावसाळ्यात त्या वाळता वाळत नसत, कपड्यांसारख्याच. त्या खोलीला आंबूस, नाकात चढणारा वास होता. माझ्या साड्यांना तो कायम असायचा. आता नाही. मला त्याची इतकी आठवण येते की कधी बाजारात व्हिनेगरची बाटली उघडी दिसली तर मी उगाच जवळ जाऊन उभी राहते.

त्या खोलीचे मालक गंगाराम होते. खोली माझी, दवाखाना माझा, मालक ते. लांज्याजवळच्या एका वाडीतले, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. एका सरकारी दवाखान्यात हाताखाली राहून शिकलेले. फोटो काढायचा तो त्यांनी, धुवायचा त्यांनी, वाळल्यावर कोपऱ्यात पांढऱ्या शाईने नाव आणि तारीख घालायची तीही त्यांनीच. मी फक्त बघायची. त्यांचा खर्ज आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू यायचा, "दम घ्या. धरून ठेवा." मग बटणाचा खटका, आणि मग, "सोडा आता." त्या "सोडा"मध्ये असा काही दिलासा असायचा की पेशंटला वाटे, आपण बरेच झालो.

माझा एक नियम होता. नवा फोटो जुन्या फोटोशेजारी लावल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही. एकट्या फोटोला फारसं कळत नाही. डाग दिसला तर तो काल आला की दहा वर्षांपासून तिथेच मुक्कामाला आहे, हे जुना फोटोच सांगतो. म्हणून "जुना फोटो आणलात का?" हा माझा पहिला प्रश्न असे.

पावसच्या बाजूचे एक बागायतदार आले होते. उजव्या फुफ्फुसात वर एक डाग दिसत होता आणि मोठ्या गावच्या डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढायला सांगितलं होतं. मी जुना फोटो मागितला. म्हणाले, "आहे ना. बागेतल्या मांगरात आहे. पेट्यांवर नाव मारतो त्याच्यानं." दुसऱ्या दिवशी घेऊन आले. आंब्याच्या पेट्यांवर बागेचं नाव रंगवायला जुन्या फिल्मसारखा टिकाऊ साचा नाही, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. फोटोच्या मधोमध "हापूस" आणि त्याखाली यांचं आडनाव कापलेलं, कडांना लाल रंगाचे थर. गंगारामांनी रॉकेलच्या बोळ्याने तो पुसून फोटो बघायच्या पांढऱ्या काचेच्या दिव्यावर लावला. अक्षरांच्या वरच्या पट्टीत तोच डाग, तेवढाच, तसाच. आठ वर्षांत तिळाएवढाही वाढला नव्हता. जुन्या, भरून आलेल्या क्षयाचा वण होता तो. सुई टळली. बागायतदार म्हणाले, "नशीब, आडनाव लहान आहे."

दुसरी गोष्ट जरा फुशारकीची आहे. बोटीवर जाणाऱ्या एका खलाशाला छातीचा फोटो साफ असल्याचा कागद हवा होता. त्याची छाती साफ नव्हती. उपचार घ्यावे लागतील असं मी आधी एकदा सांगितलं होतं. दोन महिन्यांनी तो "बरा होऊन" आला. फोटो उत्तम होता. फक्त जुन्या फोटोत डावीकडचं गळपट्टीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड मोडून जुळलेलं होतं आणि नव्या फोटोत ते जन्मजात सरळ. मी बाहेर येऊन म्हटलं, "तुमच्या भावाला सांगा, त्याची प्रकृती छान आहे. आता तुम्ही स्वतः या." तो खाली मान घालून गेला आणि खरंच उपचार घेऊन आला. गंगारामांनी ही हकिगत पुढची कित्येक वर्षं येईल त्याला सांगितली. "आमच्या बाई तोंड इसरतील, पन छाती नाय इसरनार." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझी दुसरी खोड म्हणजे उपदेश. माझं माहेर मुरुडचं, लहानपण पोहण्यात आणि चालण्यात गेलं. त्यात दिवसभर लोकांची फुफ्फुसं बघायची. काळी झालेली, फुगलेली, जाळी पडलेली. माणूस ही गोष्ट स्वतःच्या हाताने, काडी ओढून करतो, याचा मला संताप यायचा. पहाटे चालायचं, रविवारी आरे-वारेपर्यंत जायचं, ताटात तळकट नाही, घरात तंबाखूचा वास नाही, हे माझं व्रत होतं, आणि दुसऱ्यांनीही ते पाळावं असा माझा हट्ट होता. "विडी ओढता का?" असं मी विचारायची ते उलटतपासणीच्या सुरात. बायकांना, "मशेरी लावता का?" काळे दात घेऊन त्या म्हणायच्या, "नाय ओ बाय."

आणि माझ्याच अंधाऱ्या खोलीचा मालक दिवसाला एक बंडल विड्या ओढत होता. मागच्या फणसाखाली जाऊन ओढायचा आणि बडीशेप खाऊन परत यायचा. मी बारा वर्षं त्यांच्या मागे लागले होते. शेवटी एका वर्षी गणपतीला ते गावी गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "बाई, गनपतीसमोर हात ठेवून सोडली." मला एवढा आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा असे. झेंडूची माळ, हळदकुंकू, आपट्याची पानं. पूजा झाली की माणसांची पाळी. मी, गंगाराम आणि नावं लिहून घेणाऱ्या लीलाताई, तिघांचा वर्षाचा छातीचा फोटो त्या दिवशी काढायचा असा मी रिवाजच घातला होता. माझा आणि लीलाताईंचा गंगाराम काढत. त्यांचा मी.

त्या दसऱ्याला मी म्हटलं, "गंगाराम, कॅसेटमध्ये दोन फिल्म घाला. एक बाहेर लावायची आहे." एकावर एक दोन फिल्म घातल्या की एकाच खटक्यात दोन फोटो निघतात, जरा फिके येतात इतकंच. माझ्या डोक्यात होतं की बाहेर बाकांसमोरच्या दिव्यावर एका विडीवाल्याची खराब छाती लावलेली आहे, तिच्याशेजारी गंगारामांची लावायची. खाली लिहायचं, "विडी सोडली." आता कबूल करते, यात लबाडी होती. विडी ओढणाऱ्याची छातीही पुष्कळ वर्षं फोटोत साफच दिसते. दिसायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. महिनाभर विडी सोडल्याने फोटोत काही उजळत नाही. हे मला माहीत होतं. पण उपदेशाच्या भरात मी तेवढं बाजूला ठेवलं.

गंगाराम सदरा काढून कॅसेट लावलेल्या पाटीला छाती टेकवून उभे राहिले. गळ्यात काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत होता, तो ते कधीच काढत नसत. मी पडद्यामागून त्यांच्यासारखाच आवाज काढायचा प्रयत्न केला, "दम घ्या. धरून ठेवा." बटण दाबलं आणि लीलाताईंशी पेढ्यांबद्दल बोलायला लागले. थोड्या वेळाने बघते तर गंगाराम अजून तसेच उभे, कानशिलं लाल. मी धावले तेव्हा त्यांनी श्वास टाकला आणि हसत म्हणाले, "बाई, तुमी सोडा म्हनायला इसारलात. मी म्हटलं, हुकूम नाय तर कशाला सोडा." आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

फोटो बाहेर लागला. त्यानंतर मी प्रत्येक विडीवाल्याला त्या दिव्यासमोर उभं करायची. "हे बघा, आमच्या गंगारामांची छाती. वीसेक वर्षांची विडी एका दिवसात सोडली. काय हो गंगाराम?" गंगाराम अंधाऱ्या खोलीच्या दारातून डोकं काढून म्हणायचे, "व्हय." एवढंच. मला वाटायचं, संकोची माणूस आहे.

पुढच्या पावसाळ्यानंतर तो बाहेरचा फोटो दिसेना. गंगाराम म्हणाले, "बुरशी धरली त्याच्यावर. टाकला." आमच्याकडे पावसात फिल्मला बुरशी धरते, त्यात नवल नव्हतं. दसरा आला. मी त्यांचा फोटो काढला, या वेळी न विसरता "सोडा" म्हटलं. धुवून, वाळवून त्यांनी समोर आणला. थोडा फिका होता. "डेव्हलपर जुना झालाय," ते म्हणाले. मी नियमाप्रमाणे आदल्या वर्षीचा फोटो शेजारी लावला, नीट पाहिला आणि लिहिलं, "मागील फोटोच्या तुलनेत काहीही फरक नाही."

इतका अचूक रिपोर्ट मी आयुष्यात दुसरा लिहिला नसेन.

चैत्रात त्यांना खोकला लागला. पेशंटला "दम घ्या, धरून—" म्हणता म्हणता त्यांनाच ढास यायची. एक म्हातारा थट्टेने म्हणाला, "आधी तू धर." त्यांचा सदरा खांद्यांवरून उतरायला लागला तेव्हा मी त्यांना हाताला धरून मशीनसमोर उभं केलं. फोटो मी काढला आणि त्या दिवशी धुतलाही मीच, का कोण जाणे. लाल दिव्यासमोर फिल्म धरली तर उजव्या फुफ्फुसात वर, कोकमाच्या फळाएवढी गाठ होती.

मी तिन्ही फोटो ओळीने दिव्यावर लावले. आधीचे दोन साफ. सहासात महिन्यांत एवढं वाढतं का, हा विचार करत मी दोन जुन्या फोटोंकडे बघत राहिले आणि मग मला ताईत दिसला. गळपट्टीच्या वर, डावीकडे कललेला. दोन्ही फोटोंत त्याच जागी, त्याच तिरपेपणाने, दोऱ्याची गाठसुद्धा तीच. कोणत्याही माणसाचे दोन फोटो असे येत नाहीत. खांदा जरा खाली येतो, श्वास कमीजास्त होतो, बरगड्या हलतात. या दोन फोटोंत श्वास एकच होता. दुसऱ्यांच्या ताईत-मंगळसूत्रांच्या सावल्या फोटोत आल्या म्हणून ओरडणारी मी. खलाशाच्या भावाला हाडावरून पकडणारी मी.

गंगाराम माझ्या मागे उभे होते.

"गेल्या दसऱ्याचा फोटो कुठे आहे?" मी विचारलं.

"ह्यो काय."

"हा त्याच्या आदल्या दसऱ्याचा. बाहेर लावलेला."

त्यांनी गळ्यातला ताईत चिमटीत धरला. मग म्हणाले, "कॅसेट रिकामी व्हती, बाई. शिमग्याला गावी गेलो, पालखी नाचवून दमलो, कुनीतरी हातात दिली. एकच वढली. मग परत सुरू झाली. म्हटलं, फोटोत दिसंल." माझ्याच दिव्यावरच्या लबाडीवर त्यांनी विश्वास ठेवला होता. फोटोवरची शाई पुसून त्यांनी नवी तारीख घातली होती, त्याच सुबक अक्षरात.

"मी काय केलं असतं गंगाराम? ओरडले असते. अजून काय?"

"तुमी वरडला असतात त्याचं काय नाय वो," ते म्हणाले. "तुमी रोज येईल त्याला माझं नाव सांगायचात. माझ्या बापानं कधी कुनाला माझं नाव असं सांगितलं नव्हतं. ते कसं पाडू?"

मी ते दोन फोटो दिव्यावरून उतरवून एका पाकिटात घातले.

मुंबईला नेलं, किरण दिले, औषधं झाली. तिथल्या माझ्या वर्गमैत्रिणीला मी विचारलं, दसऱ्याला कळलं असतं तर? ती म्हणाली, "कदाचित." आमच्या व्यवसायात हा शब्द मी हजारो रिपोर्टांत लिहिला आहे. तो वाचणाऱ्याला कसा लागतो, ते मला तेव्हा कळलं.

पुढचा गणपती त्यांनी पाहिला, दसरा पाहिला नाही. शेवटचं भेटायला मी लांज्याला गेले तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "माझं पन." मग विचारलं, "डेव्हलपर बदललात का?" मी मान हलवली. बदलला नव्हता. त्यांच्याशिवाय ते कोणाला जमतच नव्हतं.

त्यानंतर मी बाहेरचा दिवा काढून टाकला. चालणं सोडलं नाही, तंबाखूवरचा रागही सोडला नाही, पण विचारण्याची रीत बदलली. "ओढता का?" असं विचारणं बंद केलं. "दिवसाला किती?" असं सहज, चहात साखर किती विचारावी तसं विचारायला लागले. "मशेरी किती वेळा?" बायका पदराआडून खरं सांगायच्या, "चार येळा, बाय." खरं कळलं की पुढचं बोलता येतं. कित्येकांनी सोडली. कित्येकांनी सोडून पुन्हा धरली आणि तेही येऊन सांगितलं. तेव्हा मला वाटायचं, हे एवढंसं आधी सुचलं असतं तर.

अंधारी खोली आता नाही. दवाखाना घेतलेल्या डॉक्टर मुलीने तिथे कपाटं केली आहेत. चांगली आहे मुलगी, हुशार आहे. दसऱ्याला मी तिच्याकडे जाऊन माझा फोटो काढून घेते. रिवाज माझाच, मोडवत नाही. तिथे आता मशीनमधून कोणा अनोळखी बाईचा मुद्रित आवाज येतो, "श्वास घ्या, रोखून ठेवा," आणि मोजून चार सेकंदांनी, "श्वास सोडा." तो आवाज कधीच विसरत नाही.

घरी आले की मी कपाटातून एक पाकीट काढते. त्यात तेच दोन फोटो आहेत. पूर्वेच्या खिडकीच्या काचेला दोन्ही शेजारी शेजारी लावते. एकावरची तारीख खरी आहे, दुसऱ्यावरची खोटी. श्वास मात्र दोन्हीत खरा आहे. गणपतीसमोर शपथ घेऊन आलेल्या, महिनाभर विडीला न शिवलेल्या माणसाचा तो श्वास आहे. ताईत डावीकडे कललेला, छाती भरलेली. गंगाराम दम धरून उभे आहेत, हुकमाची वाट बघत.

मी अजून "सोडा" म्हटलेलं नाही.